कचऱ्याचा कायदा कोणाच्या खांद्यावर?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी ‘कचरा’ असे उत्तर दिले, आणि ते गृहस्थ क्षणभर गप्प बसले. वसंत ऋतूतल्या व्याख्यानमालेत लोक साहित्यावर बोलतात, इतिहासावर बोलतात. कचऱ्यावर कोण बोलणार? पण आंब्याच्या साली, उसाच्या रसाचे पेले आणि लग्नसराईतली ताटे-वाट्या ह्यांचा ढीग गावात सर्वांत मोठा होतो तो ह्याच दिवसांत. तो ढीग ज्यांना उचलावा लागतो ती माणसे माझ्या संघटनेत आहेत. तेव्हा ह्या ऋतूत ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार मला थोडा तरी पोचतो, असे मी समजतो.

मी कायद्याचा पदवीधर नाही. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर झाले. कायद्याचे पुस्तक हातात आले की त्यातले शब्द नंतर पाहावेत, आधी एक प्रश्न विचारावा, अशी मला सवय लागली आहे. तो प्रश्न असा, की ह्या कलमाचे ओझे शेवटी कोणाच्या खांद्यावर जाऊन पडते? कचऱ्याच्या आणि प्लॅस्टिकच्या कायद्यांना तोच प्रश्न विचारून जे उत्तर मिळाले ते मी इथे मांडणार आहे.

आरंभी एक घडलेली गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. २०१८ च्या पावसाळ्यातील बाजाराचा दिवस होता. प्लॅस्टिकबंदी नुकतीच अमलात आली होती. मेथी-कोथिंबीर घेऊन बसलेल्या एका मावशींच्या पाटीखाली पातळ पिशव्यांची अर्धी गड्डी सापडली आणि पथकाने पाच हजारांची पावती फाडली. मावशींचा सगळा माल विकला असता तरी त्या दिवशी आठशे रुपये हातात येत नव्हते. मला निरोप आला, मी धावत गेलो. पथकातला अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, “कायद्यात रक्कम लिहिलेली आहे. ती कमी करणे माझ्या हातात नाही.” शेवटी बाजारकऱ्यांनी वर्गणी काढून दंड भरला. ज्या दुकानातून त्या पिशव्या आल्या होत्या ते दुकान त्याच गल्लीच्या टोकाला होते. त्या दिवशी त्याला कुलूप होते.

मी चिडलो. ‘हा कायदा गरिबांविरुद्ध आहे, तो मागे घ्या,’ असे निवेदन लिहिले आणि सह्या घ्यायला निघालो. पहिली सही आमच्या सफाई कामगारांचीच घ्यावी म्हणून हजेरीच्या ठिकाणी गेलो. तिथे वीस वर्षे गटारीचे काम केलेल्या एका बाईंनी कागद हातात घेतला नाही. त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही बाजारवालीची बाजू घेता ते खरं हाय. पर ती पिशवी उद्या गटारीत येती. तिथं हात कुनी घालायचा? आमची बाजू कोन घेनार?”

मी निवेदन खिशात घातले. दोन गरीब बायका, एक पिशवी देणारी आणि दुसरी ती पिशवी गटारीतून उपसणारी. कायदा ठेवला तर एक मरते, काढला तर दुसरी. मग मी तो कायदा मुळापासून वाचायला घेतला.

पिशवीची अडचण नेमकी काय आहे, हे आधी समजून घेऊ. प्लॅस्टिक कुजत नाही हे सर्वांना ठाऊक असते. पण पत्र्याचा डबाही वर्षानुवर्षे टिकतो, काचेची बाटलीही टिकते, आणि तरी गटारी डब्यांनी तुंबत नाहीत. ह्याचे कारण भंगाराच्या भावात आहे. ज्या वस्तूला भाव येतो ती कोणीतरी उचलतो. जिला येत नाही ती पडून राहते.

पिशवीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉनच्या दरम्यान असतो. आता ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर लांब अशी पिशवी घ्या. ती २० मायक्रॉनची असली तर तिचे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे किलोभर माल जमवायला कचरावेचक बाईला सव्वादोनशे वेळा वाकावे लागेल, शिवाय प्रत्येक पिशवीतला चिखल झटकावा लागेल. तीच पिशवी १२० मायक्रॉनची असली तर वजन सव्वीस ग्रॅमच्या पुढे जाते, आणि अडतीस-चाळीस पिशव्यांत किलो होतो. हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. पिशवी जितकी पातळ, तितकी ती देणाऱ्याला स्वस्त आणि उचलणाऱ्याला निरुपयोगी. कायदे जाडीच्या मागे का लागले, ह्याचे उत्तर ह्या हिशेबात आहे.

आता कायद्यांचा क्रम पाहू. कचरा उचलणे हे नगरपालिकेचे आवश्यक कर्तव्य आहे, तिची मर्जी नव्हे. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ ह्याने रस्ते झाडणे व घाण काढणे ही कामे नगरपरिषदेवर बंधनकारक केली. शिरूर आणि दौंड ह्या दोन्ही गावांना नगरपरिषदा आहेत, म्हणून दोन्हीकडे हे लागू आहे. खेड्यातली सफाई ग्रामपंचायतीकडे येते. १९७६ साली घटनेत नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली, त्यांत नद्या, तळी, वने ह्यांचे रक्षण करणे हे एक आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांच्या कामांची जी यादी दिली तिच्यात घनकचऱ्याची व्यवस्था स्पष्ट शब्दांत घातली आहे. पुढे अल्मित्रा पटेल ह्या बाईंनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, त्यातून २००० साली देशात शहरी कचऱ्याचे पहिले नियम झाले. एका नागरिकाच्या अर्जावरून सगळ्या नगरपालिकांना नियम लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

प्लॅस्टिकच्या बाबतीत केंद्र सरकारने १९९९ साली २० मायक्रॉनची मर्यादा घातली, ती २०११ साली ४० झाली आणि २०१६ साली ५०. महाराष्ट्र ह्यात एक पाऊल पुढे होता. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहर बुडण्याची कारणे पुष्कळ होती, पण तुंबलेल्या नाल्यांतून निघालेल्या पिशव्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. २००६ साली राज्याने अविघटनशील कचऱ्याच्या नियंत्रणाचा कायदा केला आणि पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ नसावी असा नियम काढला. देशाला त्या आकड्यापर्यंत यायला आणखी दहा वर्षे लागली.

ह्याच २००६ च्या कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी राज्याने अधिसूचना काढली. हिने जाडीचा विचारच सोडून दिला. हातात धरायची प्लॅस्टिकची पिशवी बंद; प्लॅस्टिक व थर्माकोलची एकदा वापरून टाकायची ताटे, पेले, वाट्या, चमचेही बंद. औषधांची वेष्टने, रोपवाटिका आणि शेती ह्यांसाठी लागणारे प्लॅस्टिक, दुधाच्या जाड पिशव्या ह्यांना अटींवर वगळले. उच्च न्यायालयाने बंदीला स्थगिती दिली नाही, लोकांना साठा काढून टाकायला मुदत मिळाली, आणि २३ जून २०१८ पासून दंड सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. कारवाईचे अधिकार नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यापासून तहसीलदार, तलाठी, ग्रामसेवक, पोलीस ह्यांच्यापर्यंत अनेकांना दिले गेले.

त्यानंतर केंद्रानेही पाऊल टाकले. ऑगस्ट २०२१ च्या दुरुस्तीने पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन अशी वाढवली. १ जुलै २०२२ पासून सबंध देशात काही वस्तू बंद झाल्या. कान कोरण्याच्या प्लॅस्टिकच्या काड्या, फुग्याच्या व आइस्क्रीमच्या काड्या, प्लॅस्टिकचे झेंडे, सजावटीचा थर्माकोल, ताटे, पेले, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरचा आणि लग्नपत्रिकेवरचा पातळ पापुद्रा, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ फलक, अशी ती यादी आहे. तेव्हा आमंत्रणपत्रिकेवर चकचकीत आवरण चढवणाऱ्या वधूपित्यानेही हा कायदा वाचावा.

कचरा टाकणाऱ्यासाठीचे दंड निराळे आहेत. २०१७ च्या अखेरीस राज्याच्या नगरविकास खात्याने जागच्या जागी वसूल करायचे दर ठरवून दिले. त्यांत नगरपरिषदेच्या हद्दीत रस्त्यावर घाण टाकणाऱ्याला १५० रुपये आणि थुंकणाऱ्याला १०० रुपये असा दर आला. रेल्वेच्या आवारात घाण करणाऱ्याला २०१२ च्या नियमांनी ५०० रुपयांपर्यंत दंड ठेवला. दौंडकरांना हे माहीत असायला हवे, कारण सोलापूर, मनमाड आणि बारामती ह्या तिन्ही दिशांचे प्रवासी त्यांच्या फलाटावर उतरतात. कचरा उघड्यावर जाळणाऱ्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. हा आदेश सकाळी अंगणात पालापाचोळ्याबरोबर चार पिशव्याही पेटवून देणाऱ्या गृहस्थासाठी आहे. काही प्लॅस्टिक जळताना जो धूर निघतो त्यात डायॉक्सिनसारखी विषे असतात. गुऱ्हाळाच्या चुलाणात चिपाड जळावे. तिथे प्लॅस्टिक गेले तर काकवीच्या वासाबरोबर ते विषही मजुराच्या छातीत जाते.

आता हे सगळे दर शेजारी शेजारी मांडून पाहा. मोटारीची काच खाली करून रस्त्यावर पिशवी फेकणारा गृहस्थ १५० रुपयांत सुटतो. ती पिशवी देणारी भाजीवाली ५,००० रुपये भरते. आणि पिशवी बनवणारा? कागदावर त्यालाही तोच कायदा आहे आणि तोच पाच हजारांपासून सुरू होणारा दंड आहे. पाच हजार म्हणजे भाजीवालीचा आठवडा बुडाला. कारखानदाराला ती एका दिवसाच्या डिझेलचीही रक्कम नव्हे. सर्वांना एकच दंड लावला म्हणजे समता झाली असे वरवर दिसते. पण दहा किलोचे ओझे पैलवानाला आणि लेकराला सारखेच दिले तर त्याला समता म्हणत नाहीत.

इथे आणखी एक योगायोग सांगतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांत एक चांगले कलम होते. वेफर्स, शाम्पू, मसाले ह्यांच्या ज्या चकचकीत पुड्या असतात त्यांत प्लॅस्टिकचे आणि धातूचे अनेक थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करता येत नाहीत, म्हणून भंगारवाला त्या घेत नाही. पुन्हा वापरात न येणारी अशी वेष्टने दोन वर्षांत बंद करावीत, असे ते कलम सांगत होते. दोन वर्षे संपत आली आणि २७ मार्च २०१८ रोजी कलमाचे शब्द बदलले. ज्या वेष्टनाचा पुन्हा उपयोग होत नाही, ज्यातून जाळूनही ऊर्जा मिळत नाही आणि ज्याला दुसरा कोणताच उपयोग नाही, तेवढेच बंद, असा अर्थ आला. जळत नाही असे प्लॅस्टिक कुठे असते? कलम जागेवर राहिले, पण त्यातला दात काढला गेला. महाराष्ट्राने भाजीवालीची पिशवी बंद केली त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी दिल्लीत हे घडले.

राज्यातही तेच. २३ जूनला दंड सुरू झाला आणि ३० जूनला, म्हणजे एका आठवड्यात, किरकोळ दुकानातल्या मालाच्या ५० मायक्रॉनवरील वेष्टनाला सवलत मिळाली. दुकानदारांच्या संघटना मंत्रालयात जाऊन बोलल्या होत्या. त्यांनी बोलावे, त्यात गैर काही नाही. मीसुद्धा संघटनेचाच माणूस आहे. पण मेथीची जुडी विकणाऱ्या बाईची संघटना नव्हती, म्हणून तिच्या वतीने कोणी गेले नाही. संघटना असली की कायदा ऐकून घेतो. हा धडा तीस वर्षे मी कामगारांना सांगत आलो आहे, आणि कचऱ्याच्या कायद्यातही तोच खरा ठरला.

मग कायद्यात उत्पादकासाठी काहीच नाही काय? आहे, आणि चांगले आहे. ज्याने माल वेष्टनात घालून विकला त्याने ते वेष्टन परत गोळा होण्याची जबाबदारी घ्यावी, असे तत्त्व २०१६ च्या नियमांत ठळकपणे आले. १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक नियमांनी त्याला आकडे दिले: बाजारात आणलेल्या प्लॅस्टिकच्या मानाने २०२१-२२ साठी २५ टक्के, पुढच्या वर्षी ७० टक्के आणि २०२३-२४ पासून १०० टक्के. कंपनीने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद करायची आणि तेवढ्या वजनाच्या प्लॅस्टिकची विल्हेवाट लागल्याची प्रमाणपत्रे दाखवायची.

मात्र ह्या प्रमाणपत्राला गावाचे नाव नसते. माल शिरूरच्या टपरीवर विकला गेला आणि प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यातल्या कारखान्याकडून आले, तरी हिशेब पुरा होतो. शिरूरची पुडी घोडनदीच्या काठावर जिथल्या तिथे राहते. ती उचलण्याचा खर्च नगरपरिषदेच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या घरपट्टीतून होतो, आणि ती उचलण्याचे कष्ट घंटागाडीवरच्या बाईच्या कमरेतून.

नदीचे नाव आले म्हणून थोडे भूगोलाकडे वळतो. घोड नदी शिरूरजवळून वाहत जाऊन पुढे भीमेला मिळते. पुण्याचे सगळे पोटात घेऊन मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमा दौंडाच्या कुशीतून उजनीच्या जलाशयात उतरते, आणि ते पाणी सोलापूरकर पितात. म्हणजे शिरूरच्या पुलावरून टाकलेली पिशवी आणि पुण्याच्या नाल्यातली पिशवी ह्यांची भेट खाली कुठेतरी होणारच. दौंडकर पुण्याला नावे ठेवतात, ते बरोबरच आहे. पण उद्या सोलापूरकर आपल्याला नावे ठेवणार नाहीत, इतके तरी आपण करावे. आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या शेतकरी बांधवांनाही एक विनंती आहे. कांद्या-टरबुजाखाली अंथरलेला मल्चिंगचा कागद शेतीसाठी म्हणून बंदीतून सुटला, तरी पीक निघाल्यावर त्याचे तुकडे रोटाव्हेटरखाली जाऊ देऊ नका. कायद्याने सोडले तरी माती सोडत नाही.

आता उपायाकडे येतो. नुसत्या बंदीने काम भागत नाही. बांगलादेशात १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत गटारी पिशव्यांनी तुंबल्या, म्हणून त्या देशाने २००२ साली पातळ पिशव्यांवर बंदी घातली. जगात असे करणारा तो पहिला देश. पण पर्याय आणि अंमल दोन्ही कमी पडले, आणि पिशव्या बाजारात परतल्या. त्याच वर्षी आयर्लंडने बंदी घातली नाही, तर गिऱ्हाइकाकडून पिशवीमागे १५ सेंट कर घेतला; पिशव्यांचा वापर नऊ दशांशाहून अधिक उतरला. जवळचे उदाहरण हवे तर तामिळनाडूतील निलगिरी जिल्ह्याचे घ्या. जंगलात दारूच्या बाटल्या फुटून हत्तींच्या पायांत काचा जात होत्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने २०२२ साली तिथे बाटलीमागे १० रुपये अनामत घेऊन रिकामी बाटली आणल्यावर ते परत देण्याची पद्धत सुरू झाली. बाटल्या परत येऊ लागल्या, आणि पद्धत पुढे इतर जिल्ह्यांतही नेली गेली.

ही अक्कल आपल्याला परकी आहे काय? गोळीसोड्याची बाटली कोणी कधी नदीत फेकली नाही, कारण ती परत केल्याशिवाय पैसे सुटत नव्हते. आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या मुंबईत घरोघर जाऊन रोज परत येत होत्या. मौज अशी की, २०१८ च्या आपल्या अधिसूचनेतही हे होते. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे आणि पाण्याच्या बाटलीवर एक-दोन रुपये अनामत ठेवून त्या परत घ्याव्यात, असे तिने सांगितले होते. पाच हजारांचा दंड पहिल्याच आठवड्यात बाजारात पोचला. पन्नास पैशांची अनामत काही घरोघर पोचली नाही. दंड भाजीवालीकडून घ्यायचा होता, अनामतीची व्यवस्था मोठ्या उत्पादकांनी करायची होती. एवढा फरक लक्षात घेतला म्हणजे पहिले का झाले आणि दुसरे का राहिले, हे निराळे सांगायला नको.

आमच्या चळवळीतले एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९९३ साली पुण्यात बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. उकिरड्यावर वाकणाऱ्या बाया, त्यांना लोक चोर समजत. त्यांनी संघटना केली, ओळखपत्रे मिळवली, आणि पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेने २००८ साली पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम घेतले. घरातून सुका कचरा वेगळा मिळाला की त्याला भाव येतो, आणि तो भाव उचलणाऱ्या बाईच्या पदरात पडतो. कचरा वेगळा करण्याचा नियम पुस्तकात आहेच. पुण्यात त्या नियमाला ही माणसे मिळाली म्हणून तो चालला.

शिरूर आणि दौंड ह्या आपल्या आटोपशीर गावांत हे अधिक सोपे आहे. मी चार गोष्टी सुचवतो.

पहिली घरची. ओला कचरा, सुका कचरा आणि अंगाला अपाय करील असा कचरा हे तीन भाग घरातच वेगळे करा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हे प्रत्येक घरावर बंधनकारक केले, तेव्हा ही मेहेरबानी नव्हे. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर खूण करून निराळी द्या. आमच्या एका भगिनीच्या तळहातात फुटलेल्या बल्बची काच शिरली आणि दोन महिने तिला मूठ वळता आली नाही. ती काच कोणत्या घरातून आली हे कोणालाच कळले नाही. कळून घेण्याची वेळच येऊ नये.

दुसरी बाजाराची. बाजाराच्या दिवशी महिला बचत गटाने कापडी पिशव्यांचे एक टेबल मांडावे. दहा-वीस रुपये अनामत ठेवून पिशवी न्यावी, पुढच्या बाजारी परत करून पैसे घ्यावेत. भाजीवाली पिशवी देते ती हौसेने नव्हे. न दिली तर गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे जाते म्हणून. सगळ्या पाट्यांवर एकदम पिशवी मिळेनाशी झाली आणि कोपऱ्यावर पर्याय दिसला, तर तिची भीती जाईल.

तिसरी नगरपरिषदेकडे मागण्याची. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे आणि अर्जाला १० रुपये लागतात. वर्षभरात प्लॅस्टिकच्या किती पावत्या फाडल्या; त्यांत हातगाडीवाले किती, घाऊक विक्रेते किती, गोदामे आणि कारखाने किती, एवढेच विचारा. उत्तर वाचनालयाच्या फलकावर लावा. पहिल्या रकान्यात शेकडा आणि शेवटच्या रकान्यात शून्य दिसले, तर कायद्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर आहे हे सगळ्या गावाला एका दृष्टिक्षेपात कळेल, आणि पुढच्या वर्षी आकडे बदलतील. जे आकडे लोक वाचतात त्यांची काळजी कचेरी घेते, असा माझा अनुभव आहे.

चौथी संघटनेची. आपल्या गावात दूध, पाणी, वेफर्स पोचवणाऱ्या वितरकांना व्यापारी मंडळांनी आणि ग्राहकांनी मिळून विचारावे, की माल आणणारी गाडी रिकामी परत जाते, तिच्यात गावाने गोळा केलेली वेष्टने का जाऊ नयेत? उत्पादकाची जबाबदारी कायद्याने मान्य केलीच आहे. आपण फक्त तिला आपल्या गावाचे नाव लावायला सांगायचे.

त्या गटारीवरच्या बाईंकडे मी पुन्हा गेलो होतो. निवेदन नव्याने लिहून नेले होते. ‘कायदा मागे घ्या’ हे वाक्य खोडले होते. ‘कायदा वरपासून लावा, आणि दंड ऐपतीप्रमाणे ठरवा’ असे त्या जागी लिहिले होते. त्यांनी ते मुलाकडून वाचून घेतले आणि पहिला अंगठा उठवला. दुसरी सही मेथीवाल्या मावशींची झाली. दोघींची ओळख त्या दिवशी झाली. एकीची पिशवी दुसरी वर्षानुवर्षे उपसत होती, पण त्या एकमेकींशी कधी बोलल्या नव्हत्या.

त्या निवेदनाने कायदा बदलला नाही. पण आज त्या बाजारात मावशी मेथी केळीच्या सोपाने बांधून देतात, आणि बाईंचे म्हणणे असे की त्यांच्या गल्लीची गटार पूर्वीइतकी तुंबत नाही. घाऊक पिशव्यांचे ते दुकान अजून उघडे आहे. तेव्हा काम अर्धेच झाले आहे, आणि उरलेले अर्धे तुम्ही-आम्ही मिळून करायचे आहे. व्याख्यान ऐकून घरी जाताना वाटेत चणे-फुटाणे घ्याल, तेव्हा पुडी कशाची आहे एवढे पाहा, आणि रिकामी झाल्यावर ती खिशात घाला. तिथून आरंभ झाला तरी पुष्कळ झाले.